पेढी, पत आणि परमुलूख

मराठी माणूस परमुलखात गेला तो मुख्यतः तीन वाटांनी. पहिली वाट तलवारीची. तंजावर, बडोदे, इंदूर, ग्वाल्हेर येथील मराठी वस्ती फौजांच्या मागून गेली. दुसरी पोथीची, काशीच्या घाटांवरील महाराष्ट्रीय वैदिकांची घराणी या वाटेने गेली. तिसरी वाट लेखणीची. इंग्रजी अमदानीत रेल्वे, टपाल आणि हिशेबखात्याच्या कचेऱ्यांनी ती रुळविली, आणि आपल्यापैकी बहुतेक जण, आम्हीही त्यांतच आलो, या तिसऱ्या वाटेचे वाटसरू आहोत. तागडीची चौथी वाट मात्र आपली नव्हे, असा एक समज आपल्या मनांत घट्ट बसला आहे. मंडळाच्या कोणत्याही स्नेहभोजनात पानावर श्रीखंड पडते न पडते तोच "मराठी माणसाला धंदा जमत नाही" हे वाक्य कोणीतरी उच्चारतोच, आणि आजूबाजूची चार डोकी खेदाने हलतात.

आम्हांला हे वाक्य मान्य नाही. आम्ही अर्थशास्त्राचे पंडित नव्हे. बी. ए.ला इतिहास विषय घेतला होता, आणि पुढे केंद्र सरकारच्या नोकरीत बदल्यांच्या निमित्ताने निरनिराळ्या प्रांतांतील बाजारपेठा पाहावयास मिळाल्या, इतकीच आमची शिदोरी. परंतु तेवढ्यावरूनही एक गोष्ट आमच्या ध्यानात आली. धंदा जमणे अथवा न जमणे हा रक्ताचा गुण मानला जातो, तो तसा नसून व्यवस्थेचा गुण आहे. लहान व्यापारी एकटा कधीच टिकत नाही. त्याच्यामागे दुसरे दहा लहान व्यापारी उभे असतात, आणि ते कसे उभे राहतात याचे काही ठरलेले मार्ग या देशात शतकानुशतके चालत आले आहेत. त्या मार्गांचा हा अल्पसा आढावा आहे.

प्रारंभ एका नादार व्यापाऱ्यापासून करू. बनारसीदास नावाचे जैन गृहस्थ इ. स. १५८६ मध्ये जौनपूर येथे जन्मले. १६४१ मध्ये त्यांनी 'अर्धकथानक' या नावाने पद्यात आत्मचरित्र लिहिले. आपल्या देशी भाषांत इतके जुने आत्मचरित्र क्वचितच सापडेल. तरुणपणी वडिलांनी त्यांना रत्ने, तूप, तेल, कापड असा माल देऊन आग्र्यास धाडले. बनारसीदासांचे चित्त व्यापारापेक्षा काव्यात अधिक. काही रत्ने गहाळ झाली, उरलेला माल पडेल त्या भावाने गेला, आणि अखेरीस हाती काहीच राहिले नाही. रात्री बिऱ्हाडी 'मधुमालती' व 'मृगावती' या प्रेमकथा ते मोठ्याने वाचीत, तेव्हा दहा-वीस माणसे ऐकावयास जमत. त्या श्रोत्यांत एक कचोरीवाला होता. त्याच्याकडून ते रोज उधारीवर कचोऱ्या नेत. काही दिवसांनी लाज वाटून त्यांनी आपली खरी स्थिती त्याला सांगितली. त्यावर त्याने, खुशाल खात जा, पैशाचे मग पाहू, अशा अर्थाचे उत्तर दिले, आणि कित्येक महिने त्या उधारीवर हा माणूस जगला. पुढे एका सासुरवाडीच्या नातलगाने आसरा दिला, धर्मदास नावाच्या तरुणाशी भागीदारी जमली, जवाहिराची देवघेव सुरू झाली, आणि कचोरीवाल्याचे देणे चुकते झाले.

या कथेत भांडवल कोठे आहे, हे वाचकांनी पाहावे. आरंभी वडिलांचा माल होता, तो तर बुडाला. माणूस पुन्हा उभा राहिला तो कचोरीवाल्याची उधारी, नातलगाचा आसरा आणि भागीदाराचा भरवसा या तीन आधारांवर. आपल्या भाषेत यालाच 'पत' म्हणतात. पत हे लहान धंद्याचे पहिले भांडवल, आणि ते भांडवल नेहमी दुसऱ्याच्या तिजोरीत असते.

परंतु एका गल्लीतील ओळखीवर मिळणारी पत वेगळी, आणि सुरतेहून आग्र्यापर्यंत चालणारी पत वेगळी. पन्नास मुक्कामांवरच्या, कधी तोंडही न पाहिलेल्या माणसाने आपल्या चिठ्ठीवर रोख रुपये मोजून द्यावेत, ही गोष्ट कशी साधली? याचे उत्तर हुंडी. सतराव्या शतकात हिंदुस्थानात वारंवार येऊन गेलेला फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हेर्निये लिहितो की, या देशात ज्या खेड्यात सराफ नाही ते खेडे फारच लहान समजावे. हा सराफ पैसे पाठविण्याचे व हुंडी लिहून देण्याचे काम करतो. परदेशी माणसाच्या डोळ्यांत भरावे इतके हे जाळे त्या काळी दाट होते.

हुंडी हा शब्द आपल्याकडे कीर्तनांतून घरोघर पोहोचला आहे. नरसी मेहतांनी द्वारकेच्या सावळशा शेठच्या नावे हुंडी लिहून दिली आणि ती देवाने सकारली, ही कथा ऐकली नाही असा मराठी माणूस विरळा. तिच्यातील भक्तिरस बाजूस ठेवून व्यवहार पाहिला तर तो चोख आहे. यात्रेकरूंना द्वारकेला जावयाचे आहे, वाटेत चोरांचे भय आहे, रोकड बरोबर नेता येत नाही. म्हणून ते येथे रुपये भरतात आणि तेथे घेण्याचा कागद मागतात. महाराष्ट्रातून काशीयात्रेस निघालेले कित्येक जणही असाच कागद बरोबर नेत. 'हुंडणावळ' हा आपला जुना शब्द याच व्यवहारातला. पुढे रुपया आणि पौंड यांच्या दरासही आपल्या वर्तमानपत्रांनी तोच शब्द लावला.

आता या कागदाची रचना पाहू, कारण खरी करामत तेथे आहे. हुंडी म्हणजे एक पत्रच. आरंभी शुभशब्द, मग गावाचे नाव, समोरच्या पेढीला नमस्कार, आणि मग, अमुक रकमेची हुंडी आपल्यावर केली आहे, तिचा स्वीकार करावा, असा मजकूर. रक्कम एकदा लिहून भागत नसे. शंभर रुपये असतील तर 'रुपये शंभर, ज्याचे निम्मे पन्नास, त्याची दुप्पट पुरे द्यावे' अशा धाटणीने ती लिहीत. कोणी एक शून्य वाढविले तर निम्मे जुळू नये, हा हेतू. दाखविताच पैसे द्यावयाचे ती दर्शनी, ठरलेल्या दिवसांनी द्यावयाचे ती मुदती. यांत 'शाहजोग' नावाचा जो प्रकार आहे तो आम्हांला सर्वांत शहाणपणाचा वाटतो. शाहजोग हुंडीचे पैसे बाजारात ज्याची पेढी ठाऊक आहे अशा 'शाहा'लाच मिळत. चोराने हुंडी पळविली तरी ती वटविण्यासाठी त्याला कोणा प्रतिष्ठित सावकाराचे तोंड पाहावे लागे. आणि सावकार अनोळखी माणसाची हुंडी हाती घेईना, कारण पुढे लबाडी निघाली तर पैसे परत करण्याची जबाबदारी त्याच्यावर येई. म्हणजे बाजारातील प्रत्येक पेढी ही, वेतन न घेता, दुसऱ्या पेढीची चौकीदार झाली.

हुंडी वाटेत हरवली तर? तर तीच हुंडी पुन्हा लिहून देत, तिला 'पेठ' म्हणत. पेठ हरवली तर 'परपेठ'. तीही गेली तर पंचांच्या सह्यांचा महजरनामा. आणि समोरच्या पेढीने हुंडी सकारलीच नाही तर? त्याचीही तरतूद होती. हुंडी लिहिणारा तिच्याबरोबर 'जिकरी चिठ्ठी' देई. ती त्याच गावातील दुसऱ्या एखाद्या पेढीच्या नावे असे. पहिल्याने नाकारले तर आपण पैसे द्यावेत व आमची अब्रू राखावी, अशी तीत विनंती. एका लहान पेढीला अशी चिठ्ठी लिहिता यावी, यासाठी दूरच्या गावी तिचा एक व्यवहारी नव्हे, दोन तरी व्यवहारी असावे लागत. 'जोखमी' हुंडी तर याहून पुढची. ती गलबतातून चाललेल्या मालावर लिहीत, आणि माल सुखरूप पोहोचला तरच पैसे देणे लागे. विमा कंपन्यांचे नाव या देशात कोणी ऐकले नव्हते त्या काळी पैसे पाठविणे आणि विमा उतरविणे ही दोन्ही कामे एका कागदाने उरकली जात होती.

इंग्रजांनी १८८१ मध्ये चलनक्षम दस्तऐवजांचा कायदा केला. त्याच्या पहिल्याच कलमात देशी भाषेतील दस्तऐवजांविषयीच्या स्थानिक रूढींना या कायद्याने बाधा येणार नाही, असे त्यांना लिहावे लागले. सरकारी मसुद्यांत आयुष्य घालविलेल्या माणसाला असल्या कलमाचे मोल विशेष वाटते. आधी चाललेली गोष्ट मोडू नये, एवढे शहाणपण त्या मसुदाकाराला होते.

हुंडीचा जोडीदार आडत्या. परगावच्या व्यापाऱ्याचा माल आपल्या गावी विकून द्यावयाचा आणि त्यावर आडत घ्यावयाची, हा त्याचा धंदा. त्यात कच्चा आणि पक्का असा भेद आहे. कच्चा आडत्या दोन पक्षांची गाठ घालून देतो. पक्का आडत्या स्वतः हमी राहतो. समोरच्याने बुडविले तरी आपल्या गिऱ्हाइकास पैसे देणे त्याच्यावर बंधनकारक. मुंबईच्या बाजारातील ही रूढी विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत उच्च न्यायालयापुढे व प्रिव्ही कौन्सिलपुढे गेली आणि ग्राह्य धरली गेली. राजस्थानातील खेड्यात बसलेला लहान व्यापारी मुंबईच्या कापूसबाजारात उतरू शकला तो अशा हमीवर. मुंबईतील कोण खरा आणि कोण खोटा, हे जाणून घेण्याची त्याला गरजच उरली नाही.

माणसे तयार करण्याची व्यवस्था निराळी होती. शेखावाटीतून कलकत्त्यास आलेल्या मारवाडी पोरांसाठी तेथे 'बासा' असत. म्हणजे एकत्र राहण्या-जेवण्याची सोय. रामगढच्या पोद्दारांची ताराचंद घनश्यामदास ही पेढी अशा थोर पेढ्यांपैकी एक. अशा पेढीत पोर आधी रोखवही व खातेवही शिकत असे, आणि पुढे स्वतःची दुकानदारी मांडीत असे. दक्षिणेत नाटुकोट्टै चेट्टियारांनी वेगळी तऱ्हा काढली. ते आपला मुनीम ब्रह्मदेशातील शाखेवर साधारणतः तीन वर्षांच्या कराराने पाठवीत, मुदत संपली की तो हिशेब देऊन गावी परते, आणि त्या अनुभवावर पुढे स्वतःचा व्यवहार सुरू करी. १९४२ च्या जपानी स्वारीने तो सारा पसारा मोडला. त्याचा इतिहास मोठा आहे; येथे तेवढी जागा नाही.

हे सर्व चित्र गोड वाटेल, परंतु त्याची दुसरी बाजू सांगितल्याशिवाय पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. ज्या जाळ्याने आतल्या माणसाला सावरले, त्यानेच बाहेरच्या माणसाला दार लावले. जातीबाहेरच्या पोराला बासात गादी मिळत नव्हती. आणि शेतकऱ्याच्या बाजूने पाहिले तर या जाळ्याचे शेवटचे टोक म्हणजे गावचा सावकार. मे १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातील सुपे गावी शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांवर चाल केली आणि कर्जरोखे हुडकून जाळले. ती आग शेजारच्या नगर जिल्ह्यातही पसरली. पुढे १८७९ चा शेतकरी कायदा आला. कर्ज घेणाऱ्याला खतावर काय लिहिले आहे ते वाचता येत नव्हते. हुंडीचे निम्मे-दुप्पट त्याच्या रक्षणासाठी नव्हते. व्यापाऱ्या-व्यापाऱ्यांतील पतीस जेवढी कुंपणे घातली गेली, तेवढी शेतकऱ्यासाठी कोणी घातली नाहीत. चुकार व्यापाऱ्याला तर बाजारच शिक्षा करीत असे. भर दिवसा दुकानात दिवा लावून ठेवणे व गादी उलटी करणे ही नादारीची खूण असल्याचे सांगतात, आणि 'दिवाळे' हा शब्द त्यावरूनच आला, अशी समजूत आहे.

मग मराठी माणूस या सर्वांत कोठे होता? पेशवाईत पुण्यास ब्राह्मण सावकारांच्या पेढ्या थोड्या नव्हत्या. त्यांच्या हुंड्या उत्तरेत चालत. फौजांचे पगार, वसुलाची पोहोच, तीर्थक्षेत्रीचा दानधर्म हे सारे त्यांच्या हातून होई. परंतु आमच्या मते त्या पेढ्यांचा मुख्य आधार राज्याचा वसूल होता. १८१८ मध्ये राज्य गेले, वसूल कंपनीच्या खजिन्यात जाऊ लागला, आणि पेढ्या सुकल्या. सावकारांच्या पुढच्या पिढ्या मग शाळेत गेल्या, वकील झाल्या, कारकून झाल्या. लेखणीची वाट सुरू झाली ती येथून. यात रक्ताचा दोष कोठे दिसत नाही. आधारस्तंभ एकच होता आणि तो पडला, इतकेच.

आणि ज्यांच्यामागे पेशवाईतील पेढी नव्हती, दरबार नव्हता, शाळाही नव्हती, अशा मराठी माणसांनी पुढे काय केले, हे पाहावयाचे असेल तर कोणत्याही मोठ्या शहराच्या सराफ बाजारात जावे. तेथील एखाद्या अरुंद बोळात ॲसिडचा उग्र वास येईल, भट्टीचा फरफर आवाज ऐकू येईल, आणि आतून अस्सल माणदेशी मराठी कानावर पडेल. हे आपले गलाई बांधव.

सांगली जिल्ह्यातील खानापूर, आटपाडी, कवठेमहांकाळ, तासगाव आणि साताऱ्यातील माण, खटाव हा सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतील मुलूख. पाऊस लहरी, विहिरी कोरड्या, जमीन आहे पण पीक नाही. येथील शेतकरी घरांतील काही माणसे स्वातंत्र्यापूर्वीच सोने-चांदी गाळण्याच्या कामासाठी बाहेर पडली. स्वातंत्र्यानंतर ओघ वाढला, आणि १९७२ च्या दुष्काळाने तर घराघरांतील तरुण पोर बाहेर काढले. आज केरळ-तमिळनाडूपासून उत्तर प्रदेश-बंगालपर्यंत विटे-आटपाडीकडच्या माणसांची गलाईची दुकाने आहेत.

काम कष्टाचे आणि बुद्धीचेही आहे. जुना दागिना मोडला की त्यात सोन्याबरोबर तांबे-चांदी असते. ते मुशीत टाकणखाराबरोबर वितळवावयाचे, सोन्याच्या सुमारे तिप्पट चांदी त्यात मिसळावयाची, आणि त्या मिश्रणावर शोऱ्याचे तेजाब ओतावयाचे. चांदी-तांबे तेजाबात विरघळते आणि तळाशी तपकिरी चूर्णाच्या रूपाने सोने उरते. मग त्या तेजाबात तांब्याचे पत्रे सोडले की चांदीही परत खाली बसते. सोनाराच्या दुकानातला केर, भट्टीची राख, पॉलिशचे पाणी, यांतूनही कणकण धातू निघतो. तेजाबाचा पिवळसर धूर छातीत जातो. त्या धुराने कित्येकांची प्रकृती खालावलेली आम्ही पाहिली आहे.

परंतु आमचा विषय धंद्याचे जाळे. दक्षिणेतील एका जिल्ह्याच्या ठिकाणी आमची बदली झाली असता हे जाळे जवळून पाहावयास मिळाले. कारागिराला सोने गाळून होईपर्यंत थांबावयास वेळ नसतो. तो दागिना टाकतो आणि अंदाजाने तेवढे शुद्ध सोने लगेच मागतो. गलाईवाल्याजवळ तेवढे सोने नसेल तर तो पोराला शेजारच्या गलाईवाल्याकडे पाठवितो. पोर कागदाचा चिटोरा दाखवितो, सोने मिळते, संध्याकाळी हिशेब मिटतो. व्याज नाही, साक्षीदार नाही. उद्या त्या शेजाऱ्याला गरज पडणार, हीच हमी. हुंडी-जिकरी चिठ्ठीचा आम्ही वर जो पाल्हाळ लावला, त्याचीच ही लहान, तोंडी आवृत्ती आहे.

पोर कोठून येतो? गावाकडून. दहावी झालेला किंवा नापास झालेला भाचा, पुतण्या, शेजाऱ्याचा मुलगा. तो आधी दुकान झाडतो, भट्टी पेटवितो, सर्वांचा स्वयंपाक करतो, माळ्यावर झोपतो. वर्षभरात तमिळ किंवा मल्याळम बोलू लागतो. आपण पदवीधर मंडळी दहा-दहा वर्षे एका गावी राहून भाजीवाल्याशी हिंदीत बोलतो, हे येथे सहज आठवले. चार-सहा वर्षांनी पोर कामात तयार झाला की मालक त्याला दुसऱ्या पेठेत, बहुधा दुसऱ्या गावी, दुकान मांडून देतो. त्याला लागणारे पहिले सोने मालकाच्या ओळखीने मिळते. अशा रीतीने एका दुकानाची पाच दुकाने होतात, आणि पाचही स्वतंत्र. अडल्यानडल्याला भिशी असते. ज्याने व्यवहारात घाण केली त्याची बातमी खरसुंडीच्या सिद्धनाथाच्या यात्रेपर्यंत पोहोचते, आणि मग त्याच्या घरी सोयरीक करताना माणसे विचार करतात. मारवाड्याचा बासा, चेट्टियारांचा मुदतबंद मुनीम, बाजाराची दिवाळखोरीची शिक्षा, या तिन्हींचे काम येथे शेतकऱ्याच्या पोरांनी, कोणाचे पुस्तक न वाचता, आपल्या रीतीने उभे केले. ज्यांच्या आज्याने कधी तागडी धरली नव्हती त्यांना हे साधले, याहून आमच्या म्हणण्यास दुसरा पुरावा नको. दोष मात्र येथेही तेच उतरले आहेत. गावाबाहेरच्या पोराला दुकानात सहज जागा मिळत नाही. बायका घरापुरत्या राहतात.

सरकारनेही त्यांची परीक्षा थोडी पाहिली नाही. जानेवारी १९६३ मध्ये सुवर्ण नियंत्रणाचे नियम आले आणि १४ कॅरटहून अधिक शुद्धतेचे नवे दागिने करण्यास बंदी झाली. हजारो सोनारांचा रोजगार गेला; ते कलम १९६६ मध्ये मागे घ्यावे लागले. १९६८ च्या कायद्याने सोने शुद्ध करणाऱ्यास परवाना आवश्यक केला. तो कायदा १९९० मध्ये रद्द झाला. त्या सत्तावीस वर्षांत तपासनिसाच्या पावलांची धास्ती काय होती, हे जुन्या गलाईवाल्यांच्या तोंडून ऐकावे. आम्ही सरकारी नोकर असल्याचे कळताच आजही त्यांच्यातील वृद्ध माणूस प्रथम कागदपत्रांची फाइल पुढे करतो, आणि मग चहा मागवितो. पुढे नोव्हेंबर २०१६ ची नोटबंदी आली, जुलै २०१७ मध्ये वस्तू व सेवा कर आला, आणि जून २०२१ पासून टप्प्याटप्प्याने हॉलमार्क सक्तीचा झाला. कस पाहण्याचे काम आता यंत्र करू लागले आहे, आणि चिटोऱ्याच्या जागी बिल मागितले जाते. तोंडी विश्वासावर चाललेल्या धंद्याला कागदावर येणे जड जाते. काहींनी दुकाने बंद केली, काहींच्या मुलांनी यंत्रे घेतली. तिकडे टेंभू योजनेचे पाणी खानापूर-आटपाडीच्या बऱ्याच गावांत पोहोचले आहे, त्यामुळे पोर बाहेर पाठविण्याची निकडही पूर्वीइतकी उरली नाही, असे मालकच सांगतात.

आपल्या मंडळाविषयी एक गोष्ट मोकळेपणाने लिहावीशी वाटते. मंडळ काढले ते कचेऱ्यांतील माणसांनी. नाटके, व्याख्याने, वाचनालय हे सारे त्यांच्या आवडीचे. सराफ बाजारातील कुटुंबे गणेशोत्सवात येतात, वर्गणी सढळ हाताने देतात, आणि आरती झाली की निघून जातात. कार्यकारिणीत त्यांची नावे थोडी. त्यांचे दुकान रात्री नऊपर्यंत उघडे असते आणि आपल्या सभा साडेसहाला भरतात, हे एक कारण. दुसरे कारण आपण सर्व जाणतो. कचेरीतल्या मराठीला त्यांची मराठी रांगडी वाटते. बदली झाली की आम्ही लोक सामान बांधून निघतो. ते मात्र तीन-तीन पिढ्या एकाच बोळात आहेत, आणि गावात नवीन आलेल्या मराठी माणसाला खोली मिळवून देण्यापासून दवाखान्यात रक्ताची सोय करण्यापर्यंत त्यांचाच आधार असतो.

या स्मरणिकेची मागील पाने शुभेच्छांच्या जाहिरातींनी भरली आहेत, आणि छपाईचा खर्च बव्हंशी त्यांवर निघतो. त्यांतील गलाईच्या दुकानांच्या जाहिराती वाचकांनी जरा सावकाश वाचाव्यात. दुकानाच्या पत्त्याखाली बारीक अक्षरात मूळ गाव व तालुका छापलेला असतो. संपादकांना आमची सूचना आहे की, पुढील अंकासाठी त्या गावांची आणि तेथून येथे प्रथम कोण आले, कोणाच्या दुकानात काम शिकले, याची एक यादी तयार करावी. सांगू शकतील अशी जुनी माणसे अद्याप बोळात बसलेली आहेत. दुकान नऊला बंद होते, त्यानंतर जावे.